कीचेनवरचा ‘वर्षों’ वाचताच येत नाही. धातूचा नमुना फसला, आता काय करू?

रामबागची_मुलगी

नमस्कार मंडळी. इथे ठसे, प्लेटिंग (धातूचा मुलामा), छपाईतले जाणकार आहेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं इंदूरला सांवेर रोडवर पिठाच्या गिरण्यांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. यंदाच्या दिवाळीत त्याला ४० वर्षं पूर्ण होतात. बाबांची इच्छा आहे की उज्जैन, देवास, धार, खरगोन, खंडवा इथल्या आपल्या डीलरांना आणि गिरण्या दुरुस्त करणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांना काहीतरी टिकाऊ द्यावं. आजवर डायऱ्या आणि कॅलेंडरं दिली. डिसेंबर संपला की ती रद्दीत जातात, याचं त्यांना दरवर्षी वाईट वाटतं. म्हणून धातूची कीचेन, हातात घेतली की वजन जाणवेल अशी. एकूण ३०० नग.

डिझाईन मीच केलं. ४० मिलिमीटर गोल, मध्ये जातं (तेच आमचं चिन्ह), जात्याच्या पाळीवर टाकी लावल्यासारख्या बारीक रेघा, वरच्या बाजूला कमानीत फर्मचं नाव, खालच्या कमानीत ‘४० वर्षों का साथ’. डीलर सगळे हिंदी भाषक, म्हणून ओळ हिंदीत. मागच्या बाजूला पत्ता, दोन फोन नंबर आणि वेबसाइट. बाहेरगावच्या एका पुरवठादाराने कंप्युटरवर बनवलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ते इतकं छान दिसत होतं की बाबांनी लगेच हो म्हटलं. डायचे, म्हणजे ठशाच्या साच्याचे, ६,५०० रुपये आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली.

नमुना आला (फोटो जोडला आहे) आणि माझा जीवच बसला. ‘वर्षों’ या शब्दाच्या डोक्यावर नुसता एक गोळा आहे. रफार, मात्रा, अनुस्वार सगळं एकमेकांत वितळलंय. आमच्या एका मिस्त्रीकाकांनी चष्मा वर-खाली करून शेवटी ‘४० का साथ’ असं वाचलं. जात्यावरच्या रेघा बुजून तिथे खरखरीत पट्टा झालाय. जस्ताचं कास्टिंग (ओतकाम) आहे, वर जुन्या पितळेसारखं फिनिश. बाबांनी तो नमुना तीन आठवडे खिशात ठेवला, तर भोकाजवळ मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे दोन फोड आलेत. पुरवठादार म्हणतो, एवढं तर होतंच.

आता कोणी म्हणतं पितळेत ठोकून घ्या, कोणी म्हणतं एचिंग करा, म्हणजे रसायनाने कोरून घ्या, कोणी म्हणतं सरळ लेझर. माझे प्रश्न असे: अक्षरं नीट उठायची तर काय बदलू? धातू कोणता? आणि या भेटींवर भरलेला जीएसटी परत मिळतो का? नगामागे १५० रुपयांपर्यंत जायची तयारी आहे. धनत्रयोदशीला दहा आठवडे आहेत.

छावणीचा_छापखाना

ताई, आधी फाईल तपासा. देवनागरीत निम्मे घोटाळे तिथेच होतात. तुम्ही कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं असेल तर अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, रूपांतर करूनच फाईल द्या. समोरच्याच्या मशीनवर तो फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर युनिकोडच्या फाँटमध्ये उघडला तर विचारूच नका. जेपीजी मुळीच पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र गेलं की ते दाबून लहान केलं जातं, मग समोरचा माणूस अंदाजाने रेघा ओढतो. तुमच्या जात्याच्या रेघा अशाच कोणीतरी अंदाजाने ओढल्या असाव्यात असं फोटोवरून वाटतं.

आणि एक. पडद्यावर डिझाईन मोठं करून बघू नका. साध्या कागदावर मूळ मापात, म्हणजे ४० मिलिमीटरच, प्रिंट काढा आणि हातभर अंतरावरून वाचा. कागदावर जे वाचायला त्रास होतो ते धातूत हमखास बुजतं.

ठसेवाला_इंदूर

ताई, तुमच्या नमुन्याचा फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. तुमचं जातं सुंदर आहे, ते वाया जाऊ देऊ नका. जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

मी ठसे कोरणाऱ्याच्या घरात वाढलो. वडील पोलादाचा ठोकळा तापवून नरम करायचे, त्यावर कलमाने उलटी अक्षरं कोरायचे आणि सगळं मनासारखं झालं की पाणी देऊन कडक करायचे. एकदा पाणी दिलं की दुरुस्ती नाही. म्हणून कोरताना मधे मधे ते लाखेचा गरम गोळा ठशावर दाबून छाप घ्यायचे. ती छाप डोळ्याने बघायच्या आधी तिच्यावरून नख फिरवायचे. रेघेला नख अडकलं तर रेघ आहे, घसरलं तर नाही. लहानपणी आमच्या घरी खिडकीच्या फळीवर लाखेच्या या टिकल्या ओळीने मांडलेल्या असत. पहिलीत अनुस्वार नसायचा, चौथीत अर्धा उठायचा, सातवीत गोल दिसायचा. आता डाय सीएनसीवर, कंप्युटरने चालणाऱ्या मशीनवर, निघते, पण अनुस्वार तेवढाच अवघड आहे.

तुमच्या अक्षरांचा हिशेब मांडू. खालच्या कमानीतल्या अक्षरांची पूर्ण उंची फोटोवरून साधारण २ मिलिमीटर दिसते. रोमन अक्षराला ती उंची बहुतेक सगळी वापरता येते. आपली लिपी मात्र तीन मजली आहे: शिरोरेषेच्या वर एक मजला, खाली मुख्य अक्षर, त्याखाली उकार. २ मिलिमीटरमध्ये वरच्या मजल्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. ‘वर्षों’मध्ये त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये ओकाराची मात्रा, रफार आणि अनुस्वार हे तिघेही आहेत, आणि त्यांच्यामधली मोकळी जागाही तिथूनच काढायची. कास्टिंगमध्ये उठावाची रेघ नीट यायला ती किमान पाव ते तीन दशांश मिलिमीटर जाड हवी आणि दोन रेघांमधली फटही तेवढीच. मग तिघे बसणार कुठे? बसत नाहीत म्हणूनच गोळा झाला. वर प्लेटिंग आणि बफिंग होतं, त्यात उरलीसुरली फटही भरते किंवा घासली जाते. हे तुमच्या पुरवठादाराने आर्टवर्क बघूनच सांगायला हवं होतं. पैसे घेऊन डाय कापायच्या आधी सांगायची ती गोष्ट.

म्हणून माझं मत असं की पुढच्या बाजूला ओळच नको. पुढे जातं आणि मोठा ‘४०’, बस. आकड्यांना ना शिरोरेषा, ना मात्रा, ते धातूत फार देखणे उठतात. फर्मचं नाव पुढेच हवं असेल तर अक्षरं किमान ४ मिलिमीटर उंच, सगळीकडे सारख्या जाडीची, आणि ‘ष’, ‘थ’, ‘क’ यांची पोटं मुद्दाम जास्त उघडी काढा. तयार फाँट तसाच उचलू नका, हाताने दुरुस्त करा. बोरूच्या वळणाची जाड-बारीक अक्षरं कागदावर शोभतात, पण ठशात बारीक भाग पहिला मरतो. जात्यावर रेघा किती आहेत? मी ३६ मोजल्या. १२ करा, पण ठसठशीत.

‘४० वर्षों का साथ’ मागच्या बाजूला फायबर लेझरने. लेझरची रेघ केसाएवढी बारीक येते, तिथे रफारही राहील आणि अनुस्वारही. पत्ता आणि दोन फोन नंबर काढूनच टाका. ज्यांना देणार आहात त्यांच्याकडे तुमचा नंबर आहे. ओळ मोकळा श्वास घेईल.

माझ्याकडे शिवाजीराव होळकरांच्या काळातला तांब्याचा पाव आणा आहे, बसलेल्या नंदीचा. शंभर वर्षांहून जुना, लोकांच्या हातात फिरलेला. कडेची अक्षरं निम्मी गेली आहेत, पण नंदीचं वशिंड अजून अंगठ्याला लागतं. कारण तो मध्ये आहे, भरीव आहे आणि एक तुकडा आहे. तुमचं जातं तसं करा. शिवाय भोवती कडा द्या, चित्रापेक्षा केसभर उंच. कीचेन टेबलावर पडते, किल्ल्यांशी घासते, तो मार आधी कडेने खावा.

आता धातू. तुमच्या नमुन्यातलं जस्ताचं मिश्रण वाईट नाही, ते ४०० अंशांच्या आतच वितळतं, म्हणून कास्टिंग स्वस्त पडतं आणि खोल उठाव, कोणताही आकार निघतो. खटका आहे तो वरच्या थरांचा. जस्तावर आधी तांब्याचा थर नीट बसवावा लागतो, मग निकेल, मग रंगाचं फिनिश. तांबं पातळ पडलं किंवा कास्टिंगमध्ये आत बारीक छिद्रं राहिली की प्लेटिंगचं पाणी तिथे अडकतं आणि नंतर फोड येतो. भोकाजवळ फोड येण्याचं कारणही बहुधा हेच, तिथे धातू भरताना हवा कोंडते. पावसाळ्यातल्या घामाच्या खिशात हे लवकर दिसतं. याची परीक्षा सोपी आहे. नमुना १५० अंशांच्या भट्टीत अर्धा तास ठेवायचा आणि लगेच थंड पाण्यात टाकायचा. थर कच्चा असेल तर तिथल्या तिथे फुगतो. जो प्लेटिंगवाला ही परीक्षा तुमच्यासमोर करायला तयार असतो त्याच्याकडे काम द्या.

पण तुमच्या कामाला मी जस्त घेणार नाही. गिरणीचं काम ४० वर्षं केलंय तर वस्तूही आतून-बाहेरून एकच असू दे. पितळ घ्या, ठोकून घ्या, आणि त्यावर प्लेटिंग करूच नका. रसायनाने काळवायचं, उठाव बफने उजळायचा, वर लॅकरचा पातळ पारदर्शक थर. लॅकर दोन-तीन वर्षांत जाईल, पण खाली पितळच आहे. मिस्त्र्याच्या हाताने ते आणखी उजळेल.

मात्र ४० मिलिमीटरचा आग्रह सोडा. ४० गोल आणि ३ जाड पितळ म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. त्याच मापात जस्त २५ आणि अ‍ॅल्युमिनियम फक्त १० ग्रॅम. ३२ ग्रॅम स्कूटरच्या किल्लीला लटकले की लोक आठवड्याभरात काढून ठेवतात. ३५ गोल आणि अडीच जाड केलं तर २० ग्रॅमच्या आसपास बसतं, हाताला वजन कळतं आणि किल्लीला ओझं होत नाही. लहान माप ठोकायलाही बरं. एवढं पितळ साध्या हातप्रेसवर नीट उठत नाही, फ्रिक्शन प्रेस (जड चाकाच्या जोरावर ठोकणारा) असलेला माणूस शोधा आणि गोल चकत्या आधी तापवून नरम करून घेतो का ते विचारा. नरम न करता ठोकलं तर उठाव अर्धवट येतो आणि डाय लवकर तडकते.

एचिंगबद्दल थोडक्यात: फेरिक क्लोराइड खाली खाताना थोडंफार बाजूलाही खातं. नावाच्या पाट्यांना उत्तम, पण तुम्हाला अंगठ्याला लागणारं जातं हवंय, ते त्यात मिळणार नाही. रंग भरायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की खरा मीना म्हणजे काच, तो ७५० ते ८५० अंशांवर वितळवून बसवतात. जस्त त्याच्या खूप आधी पाणी होतं. बाजारात जस्ताच्या वस्तूवर ‘मीना’ म्हणून विकतात तो राळेचा रंग असतो. तो वाईट नसतो, पण नावाला भुलून जास्त पैसे देऊ नका.

शेवटी कागदोपत्री. ऑर्डरवर लिहून घ्या की डाय तुमच्या मालकीची. नमुना पसंत पडला की तसे दोन घ्या, दोघांच्या सहीच्या पाकिटात एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. माल आला की वेगवेगळ्या डब्यांतून वीसेक नग काढून त्या नमुन्याशेजारी ठेवून बघा, मगच बाकीचे पैसे द्या.

खाते_वही

ठसेवाले काकांनी मूळ काम सांगितलंच आहे, मी फक्त कराचं सांगते. इंदूरलाच लेखे आणि करसल्ल्याचं काम करते.

भेट म्हणून फुकट वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) स्पष्ट आहे, आणि मार्च २०१९ च्या परिपत्रकातही भेटी आणि फुकट नमुन्यांबद्दल हेच सांगितलं आहे. वस्तूवर फर्मचं नाव छापलंय म्हणून ती जाहिरात आणि म्हणून क्रेडिट, असं बरेच जण मला पटवतात आणि मग नोटीस आली की धावत येतात. तेव्हा १५० रुपयांचं बजेट करासकट धरा.

दुसरं, १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४आर लागू झालं. धंद्याच्या संबंधातून एखाद्या डीलरला वर्षभरात दिलेल्या भेटींची आणि फायद्यांची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. एका कीचेनने काही होत नाही. पण त्याच डीलरला तुम्ही धनत्रयोदशीला चांदीचं नाणं आणि उन्हाळ्यात सहल देत असाल तर सगळं एकत्र मोजलं जातं. यादी आत्तापासून ठेवा.

रामबागची_मुलगी

गणपती झाले, आता कळवते. काका, तुमचा निरोप बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पाव आण्याचं ऐकून ते उठले आणि आजीच्या डब्यातून एक नाणं काढून आणलं, तसंच नंदीचं. दोन दिवस ते त्यांच्या खिशात होतं.

जुन्या पुरवठादाराशी भांडले नाही, डायचे पैसे गेले असं समजले. आगाऊ दिलेल्यातले निम्मे परत मिळाले.

डिझाईन पुन्हा काढलं. १२ रेघा, मध्ये खुंटा, खाली ‘४०’, फर्मचं नाव पुढे फक्त पहिल्या अक्षरात. इथल्याच एका डायवाल्याकडे काम दिलं. त्यांच्याकडे पाणी द्यायच्या आधीची डाय बघायला गेले तेव्हा लाख नव्हती. मी डब्यात घट्ट मळलेली कणीक नेली होती, आपलं कामच पिठाचं! डायला तेलाचं बोट लावून कणकेची लाटी तिच्यावर दाबली आणि हळूच सोडवली. जातं उठलं. नख फिरवलं, अकरा रेघांना अडकलं, बाराव्या रेघेवर घसरलं. डायवाल्यांनी भिंगातून बघितलं तर तिथे कटर जरा वर राहिला होता. दुरुस्त करून दिली. ती कणकेची चकती मी सांभाळून घरी आणली. बाबांनी ती तव्यावर ठेवून वाळवली आणि आता देवघरात आहे.

आता पितळेचा पहिला नमुना हातात आहे, २१ ग्रॅम. मागे लेझरने ‘४० वर्षों का साथ’, आणि मिस्त्रीकाकांनी चष्मा न लावता वाचलं. एकच शंका उरली आहे. डायवाले म्हणतात भोक वरच्या कडेतच पाडू, ३ मिलिमीटरचं, आणि त्यात साधी उघडी कडी. बरोबर आहे का?

ठसेवाला_इंदूर

कणकेचं वाचून फार आनंद झाला. वडील असते तर त्यांनी तुम्हाला कामावर ठेवून घेतलं असतं.

कडेत भोक नको. भोकाच्या बाहेर कमीत कमी २ मिलिमीटर भरीव पितळ राहायला हवं, नाहीतर वर्षभरात कडी तिथून कापत जाते. चकतीला वर छोटा कान काढायला सांगा, ४ मिलिमीटरचं भोक, आणि भोकाच्या दोन्ही बाजूंच्या धारा मारून गोल करून घ्या. डायला हात लावावा लागणार नाही, चकती कापायचा कटर तेवढा बदलेल. उघडी कडी घेऊ नका, खिशात ती हळूहळू उघडते आणि एक दिवस किल्ल्या हातात आणि जातं रस्त्यावर. दुपदरी स्प्रिंगची कडी घ्या, ३० मिलिमीटरची, आणि ती स्टेनलेसची की नुसतं निकेल चढवलेली ते विचारून घ्या. किंमत थोडी वाढेल, पण तिथे वाचवू नका.

कान काढल्यावर जातं वाकडं लटकत नाही ना, ते एक नग दोऱ्याला बांधून बघा. ‘४०’ खाली आहे, तिकडे थोडं वजन जास्त आहे, म्हणून सरळच राहायला हवं.

रामबागची_मुलगी

आत्ताच दोऱ्याला बांधून बघितलं. सरळ राहतंय. कटर उद्या बदलतात, सोमवारी ३०० चं काम सुरू.